दादाच्या हाताची फाईल

मिस्त्रींनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि एक लिफ्ट दुसरीसारखी आहे असं कधी मानलं नाही. कंपनीचा छापील तक्ता एकच, सगळ्या लिफ्टना तोच. मिस्त्री तो घडी करून खिशात ठेवत आणि प्रत्येक इमारतीच्या मशीनच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला, त्या लिफ्टचा स्वतःचा पुठ्ठा टांगत. 'चौथ्यावर कुरकुरते, वंगण जास्त.' 'थंडीत पाच मिनिटं रिकामी चालवून मगच माणसं घ्या.' साहेब लोक हसायचे. मिस्त्री लिफ्टची प्रगतिपुस्तकं भरतो म्हणायचे.

माझी त्यांची ओळख भांडणात झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात. एका इमारतीतली लिफ्ट आठ महिने बंद होती, वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं कोंडल्यासारखी झाली होती, आणि मालक भर सभेत सांगत होता की सुटा भाग बाजारात मिळतच नाही. मागच्या रांगेतून मिस्त्री उठले. म्हणाले, "मिळतो. माझ्या पिशवीत आहे." आणि खाली बसले. भाडेकरूंच्या बाजूने मी तासभर घसा फोडून जे झालं नव्हतं, ते त्या चार शब्दांत झालं. आधी मला राग आला. मग मी त्यांना शोधून चहा पाजला.

गेल्या वर्षी तशाच दुसऱ्या इमारतीसाठी मला त्यांचा लेखी जबाब हवा होता. तोवर ते निवृत्त झाले होते. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर, "कामात आहे, बाई." निवृत्त माणसाला कसलं काम? चौथ्यांदा फोन न करता मी सरळ घरी गेले.

दोन खोल्या. आतल्या खोलीत दोन खाटा. एकीवर अंथरूण विस्कटलेलं, दुसरीवरची चादर इतकी ताणून बसवलेली की तिच्यावर बरेच दिवस कोणी टेकलं नाही हे कळावं. बाहेर टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेला एक जुना, जड, पिवळा पडलेला कीबोर्ड, आणि मिस्त्री मनगटी घड्याळ हातात काढून घेऊन पडद्याकडे बघतायत. पडद्यावर निळ्या नदीत चौकोनी ठिपक्यांची नाव.

"मिस्त्री, तिकडे लोक जिने चढून मरतायत आणि तुम्ही गेम खेळताय?"

"खेळत नाही. वेळ लावतोय. बसा, बेचाळीस सेकंद बोलू नका."

माझ्या नाकावरचा राग सगळ्या गल्लीला माहीत आहे. तरी मी बसले. नाव एका पुलाखालून गेली, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. "बेचाळीस. बरोबर."

मग सांगितलं. थोरला भाऊ, दादा, नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत कारकून. कचेरीने जुने काँप्युटर भंगारात काढले तेव्हा दादाने त्यातला एक सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणला. दोघांचीही लग्नं राहून गेलेली. संध्याकाळी कामावरून आलं की दोघं त्याच्यापुढे बसत. आवडता खेळ हा नावेचा. एकाने खेळायचं, नाव खडकावर आपटली की दुसऱ्याची पाळी. आपटली की दादा कीबोर्ड कोपराने यांच्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "घे." वीस-बावीस वर्षं, रोज.

दोन वर्षांपूर्वी दादाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दोन गल्ल्या पलीकडे, जिथे आजारी माणसांना ठेवून घेतात तिथे ते आहेत. शब्द उरलेत दोनच, 'पाणी' आणि 'नको'.

"मला तिसरा पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "नर्स म्हणते, हाताची जुनी सवय जागी झाली की कधीकधी शब्द तिच्या मागोमाग येतो. एकदा 'घे' म्हणाला तरी पुष्कळ."

जुना काँप्युटर कधीच मेला होता. फ्लॉपीतले खेळ मात्र त्यांनी कोणाकोणाकडून नव्या लॅपटॉपवर उतरवून घेतले होते. ते सरळ चालत नाहीत. नवं मशीन इतकं जलद की नाव दिसायच्या आत फुटते. म्हणून एक प्रोग्राम असतो, तो जुन्या काँप्युटरचं सोंग घेतो. सोंग किती जुनं, वेग किती, आवाजाचं कार्ड कुठलं, हे सगळं एका फाईलमध्ये लिहायचं असतं. मिस्त्रींनी पहिल्यांदा नावेसाठी सगळ्यांच्या सामाईक फाईलमध्येच वेगाचा आकडा बदलला. नाव चालली, पण बुद्धिबळातला घोडा एका चालीला चहा पिऊन येण्याइतका वेळ घ्यायला लागला. बुद्धिबळासाठी आकडा वाढवला, तर नाव पुन्हा फुटली.

"तीस वर्षं कंपनीला शिव्या घातल्या आणि शेवटी मीच एक तक्ता सगळ्यांच्या गळ्यात मारला," ते म्हणाले. मग कळलं की प्रत्येक खेळाला स्वतःची छोटी फाईल देता येते. प्रोग्राम आधी सामाईक फाईल वाचतो, मग खेळाची, आणि जिथे दोघींचं पटत नाही तिथे खेळाचीच चालते. तेवीस खेळ, तेवीस फाईली. प्रत्येकीच्या डोक्यावर त्यांनी पुठ्ठ्यावर लिहायचे तशी ओळ लिहिली होती. नावेच्या फाईलमध्ये बाणांच्या चाव्या डाव्या हाताखाली आणल्या होत्या, कारण दादाचा तेवढाच हात चालतो. आणि वेग? दादाच्या जुन्या डायरीत त्याच्याच अक्षरात एक नोंद होती, 'पहिला पूल, ४२ सेकंद.' आकडा कमीजास्त करत मिस्त्रींनी बरोबर तेवढा वेग पकडला होता.

"मग घोडं कुठं पेंड खातं?" मी विचारलं.

त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं. मग म्हणाले, "चार वेळा घेऊन गेलो. पहिल्या मिनिटातच तीनदा आपटतो. मग कीबोर्ड ढकलतो आणि भिंतीकडे तोंड करतो. ढकलतो, पण 'घे' म्हणत नाही. 'नको' म्हणतो. म्हणजे कुठेतरी माझंच चुकतंय. आवाज तरी नसेल जुळत. नाहीतर चावी उशिरा लागत असेल."

"आवाज जुळत नाही?" माझं डोकं सटकलं. "तुम्ही दवाखान्याच्या लिफ्टचं दार किती वेळ उघडं ठेवायचात?"

"बारा सेकंद."

"आणि कचेरीचं?"

"चार."

"का?"

"दवाखान्यात कुबड्यांवाला, खुर्चीवाला..." ते थांबले.

"हा खेळ तुम्ही कचेरीच्या मापाने लावलाय, मिस्त्री. बेचाळीस सेकंद धडधाकट दादाचे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. मग खुर्ची टेबलाकडे ओढली आणि पाठ फिरवली. जबाबाचा कागद मी टेबलावर ठेवून निघाले. जाताना त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं, "हे मला कळायला हवं होतं."

आठवड्याने जबाब मिळाला, अक्षर न अक्षर नीट. सोबत निरोप होता, रविवारी चारला या.

ती खोली तळमजल्यावर. लोखंडी खाट, खिडकीत औषधांच्या बाटल्या, भेटीचा वेळ चार ते पाच. दादा उशांना टेकून बसलेले, चेहरा एका बाजूला ओघळलेला. मांडीवर पिवळा कीबोर्ड. शेजारी स्टुलावर मिस्त्री, दोन्ही हात गुडघ्यांवर. नदी इतकी हळू सरकत होती की मला बघवेना. खडक दिसायचा, दादाचं बोट वर उठायचं, वाटेत थांबायचं, मग चावीवर यायचं, आणि तोवर खडक वाट बघत असायचा. एक पूल गेल्यावर पुढचा यायला तीन मिनिटांच्या वर लागली. दादा खडक चुकवत गेले. एक, दुसरा, पाचवा. तोंडाचा चांगला कोपरा जरा वर गेला होता.

पाच वाजता नर्सने दारावर टकटक केली. नाव अजून शाबूत. दादा एकदाही आपटले नव्हते. त्यामुळे कीबोर्ड सरकला नव्हता, आणि मिस्त्री तासभर शेजारी नुसते बसून होते.

बाहेर मी म्हटलं, "रोज असंच?"

"नऊ दिवस झाले. आपटतच नाही. जुना खेळाडू आहे."

"मग आकडा किंचित वाढवा ना. एकदा आपटेल, तुमची पाळी येईल, तो शब्द निघाला तर निघेल. त्याला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," ते म्हणाले. "आत माणूस असताना दार लवकर लावायचं नसतं, बाई."

 

त्यांच्या घरापर्यंत सोबत गेले. त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवून उघडला. या खेळात मधेच ठेवून पुढे चालू करायची सोय नाही, बंद केला की नाव पुन्हा पहिल्या पुलाअलीकडे. म्हणून पाच वाजले की ते सोंगच जिथल्या तिथे थांबवतात आणि मशीन चालू ठेवूनच घरी आणतात. पडद्यावर नदी गोठलेली, नाव दोन खडकांच्या मध्ये. त्यांनी चार्जर लावला. मी फाईलचं नाव पाहिलं. बाकीच्या बावीस खेळांच्या नावाने होत्या. हिच्यावर फक्त 'दादा'. आत पहिली ओळ, 'बोट वाटेत थांबतं. थांबू द्या.'

चहा ठेवायला ते आत गेले. मी सहज कीबोर्डकडे हात नेला, एक चावी दाबून बघावी म्हणून.

"हात नको," आतून आवाज आला. त्यांना न बघता कसं कळलं कोण जाणे. "पाळी त्याची आहे."

ते दोन कप घेऊन आले, एक माझ्यापुढे ठेवला आणि आपला घेऊन पडद्यासमोर बसले. चहा संपला तरी ते त्या थांबलेल्या नावेकडेच बघत होते. मी उठले तेव्हा नुसती मान हलवली. खुर्ची त्यांनी टेबलाच्या एका अंगाला ठेवली होती, मधोमध नाही. शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती.