रोहण्याच्या गाडीतला शेवट

आर्वी तालुक्यात सिनेमा या विषयावर शेवटचा शब्द कोणाचा, असं विचारलंत तर तो माझ्या साडभाऊंचा. आणि न विचारलंत तरी त्यांचाच. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी एसटीतली, आर्वीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रकाची. खिडकीत बसून गाड्या लावायच्या आणि वेळ झाली की शिट्टी मारून सोडायच्या, यात त्यांची हयात गेली. जीव मात्र सगळा जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमांत. चुकीच्या फलाटावर लागलेली गाडी त्यांनी एखाद्या वेळी खपवून घेतली असेल, सिनेमाबद्दलचं चुकीचं वाक्य कधी नाही. आमच्या एका चुलत सासऱ्यांच्या तेरवीला कोणीतरी गहिवरून सांगत होतं, की म्हाताऱ्याला अमुक सिनेमा फार आवडायचा, त्यात हिरो शेवटी आईच्या मांडीवर प्राण सोडतो, तो पाहून म्हातारा ढसाढसा रडायचा. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पंगतीच्या त्या टोकाकडून आवाज आला, "आईच्या नाई जी, बहिणीच्या मांडीवर. आई तर इंटरवलच्या आधीच गेलती." सगळ्यांचं रडू जागच्या जागी थांबलं.

निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातून उतरली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात यांनी पंगती शिट्टीवर चालवल्या. पहिली शिट्टी झाली की उठायचं, दुसरी झाली की पुढच्यांनी बसायचं. व्याह्यांचा हात अजून मठ्ठ्याच्या वाटीत होता आणि यांनी शिट्टी मारली. मी आपला देवळीत औषधाचं दुकान चालवणारा साधा माणूस. वरपक्षाची समजूत घालता घालता माझाच रक्तदाब वाढला. साडभाऊ शांत होते. "गाडी कोणासाठी थांबत नाई, साडभाऊ," एवढंच म्हणाले. हे वाक्य ते आयुष्यभर म्हणत आले आणि त्याच वाक्यापायी घरात आयुष्यभर बोलणी खात आले.

त्याचं असं झालं. आमच्या सासरचं गाव रोहणा. पूर्वी रोहण्याच्या बायका घोळक्यानं आर्वीला सिनेमा पाहायला यायच्या, आणि रोहण्याची शेवटची गाडी नेमकी सिनेमा संपायच्या थोडी आधी सुटायची. त्यामुळे रोहण्यातल्या एका अख्ख्या पिढीनं एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. स्टँडवरून शिट्टी ऐकू आली की हिरो फासावर असो की बोहल्यावर, बायका पिशव्या उचलून पळत सुटायच्या. मग गाडीत बसल्यावर पुढचं काय झालं असेल ते सगळ्या मिळून ठरवायच्या आणि रोहणा येईपर्यंत शेवट पक्का व्हायचा. एकदा असाच एक नावेचा सिनेमा लागला होता. नायिका घाटाकडे धावत सुटली आहे, नाव सुटण्याच्या बेतात आहे, आणि शिट्टी झाली. आमच्या ताई, म्हणजे माझ्या बायकोच्या याच थोरल्या बहीण, तेव्हा लग्नाच्या वयाच्या. त्या थेट खिडकीपाशी जाऊन म्हणाल्या, "साहेब, दहा मिन्ट गाडी थांबवा न जी. नाव थांबते का नाई तेवढं पाहून येतो." खिडकीतल्या तरण्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पुन्हा एकदा शिट्टी मारली.

पुढे वर्षभरात हेच साहेब मुलगी पाहायला म्हणून रोहण्याच्या घरी आले. ताईंनी पोह्यांची बशी पुढे केली, वर पाहिलं आणि आत येऊन आईला सांगितलं, "हे तर शिट्टीवाले होत." तरी त्यांनी होकार का दिला हे आमच्या सासरी आजवर कोणाला कळलेलं नाही. एवढं खरं, की लग्नानंतर त्यांनी नवऱ्याबरोबर टॉकीजची पायरी चढली नाही. साडभाऊंना घरी यायला उशीर झाला की ताई म्हणत, "जेवणाची गाडी सुटली, आता सकाळी लागन." नावेच्या सिनेमाचा शेवट साडभाऊंनी कितीदा सांगायचा प्रयत्न केला, पण पहिल्या वाक्यालाच त्या भांडी आपटायला लागत.

गेल्या दिवाळीनंतर बातमी आली, की आर्वीतली ती बंद पडलेली टॉकीज मोडून तिथे मंगल कार्यालय होणार. साडभाऊ त्याच दिवशी मालकाकडे गेले आणि काम सुरू होईपर्यंतचे सगळे रविवार, दुपारपासून रात्रीपर्यंत, मागून आले. म्हणाले, "कापसाचा सीझन असते, सोयाबीनचा असते, मंग सिनेमाचा काऊन नसावा?" मला वाटलं, एखाद्या नटाचे चारदोन सिनेमे लावतील. तसं सुचवलंही. साडभाऊ माझ्याकडे असे पाहायला लागले जसं काही मी खोकल्याच्या औषधाऐवजी फिनेल दिलं. "हिरोच्या नावानं सिनेमे लावाचे म्हणजे डायवरच्या नावानं गाड्या लावाच्या. अन् पाटीवर काय लिहाचं? डायवर कोण, ते महत्त्वाचं का गाडी कुठं जाते, ते?"

तेव्हा त्यांनी सिनेमे लावले ते सिनेमा कुठे जातो त्यावरून. दर रविवारी टॉकीजच्या दारावर एसटीच्या पाटीसारखी पाटी, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत. एका रविवारी पाटी होती, 'डॉक्टर चष्मा काढते'. त्यात सगळे असे सिनेमे, की ज्यांत डॉक्टरानं चष्मा काढला की समजायचं, पेशंट गेला. एका रविवारी 'चिठ्ठी भलत्याच्या हाती'. गर्दी सगळ्यांत जास्त झाली ती 'ताट तसंच राह्यलं' या रविवारी. ज्या सिनेमात कोणीतरी वाढलेल्या ताटावरून उठून जातं, असा एकही सिनेमा त्यांनी सोडला नव्हता. सुरुवातीला उभं राहून त्यांनी प्रस्तावना केली, "त्या काळात माणसाले दुःख झालं का जेवण सुटे. आता दुःख झालं का माणूस पार्सल मागवते." पडद्यावर तिसरं ताट वाया गेलं तेव्हा मागे एका बाईला राहवेना. तिनं डबा उघडला आणि आजूबाजूला भाकरी वाटायला सुरुवात केली. पाट्या वाचून दोघे जण आत येऊन ही गाडी आष्टीला जाते का, असंही विचारून गेले. साडभाऊंनी त्यांना अदबीनं बसवून घेतलं.

प्रत्येक रविवारी दुकान बंद करून मी आणि बायको आर्वीला जात होतो. ताई मात्र एकदाही आल्या नाहीत. शेवटच्या रविवारच्या आधी साडभाऊंनी मला बाजूला घेतलं. पाटी तयार होती: 'गाडी सुटली'. कोणीतरी मागे राहून जातं असे सिनेमे, आणि सगळ्यांत शेवटी तोच नावेचा. "साडभाऊ, हा सारा सीझन त्या एका सिनेमासाठी आहे," ते म्हणाले. "टॉकीज गेली का मंग तो शेवट तिले कुठं दाखवू? घरच्या टीव्हीवर? तिनं उठून येऊन मागतलं होतं, अन् मी दिलं नाई." मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. हा हट्टी माणूस मला एकदम फार आवडून गेला.

ताईंनी यावं म्हणून त्यांनी रोहण्याच्या जुन्या मैत्रिणींना घरोघर जाऊन निमंत्रणं दिली. अर्ध्या तिकिटाची सोय झाल्यापासून बायका एसटीनं उत्साहानं हिंडतात; सगळ्या येतो म्हणाल्या. मैत्रिणी येणार म्हटल्यावर ताईंनाही नाही म्हणता येईना. आता राहिली शेवटची गाडी. ती आजही सिनेमा संपायच्या आधीच सुटणार होती. साडभाऊ स्टँडवर गेले, मला सोबत घेऊन. ज्या खिडकीच्या आत ते आयुष्यभर बसले, तिच्या बाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "दहा मिन्ट मागाले आलो." आतला नियंत्रक कधीकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो हसू दाबत म्हणाला, "साहेब, तुमीच तर सांगत होते, गाडी कोणासाठी थांबत नाई." साडभाऊंची मान खाली गेली. मग त्यालाच वाईट वाटलं. "जा साहेब. तुमी येऊन शिट्टी माराल तवाच सोडतो."

रविवारी टॉकीज भरली. ताई माझ्या शेजारच्या खुर्चीवर, पदर घट्ट लपेटून, प्रवासाला निघाल्यासारख्या बसल्या होत्या. सिनेमा घाटापाशी आला. नायिका धावत सुटली. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं शेजारणीला म्हणाली, "आता पाहा, नावाडी नाव थांबवते." साडभाऊ भिंतीशी उभे होते. सिनेमाबद्दल चुकीचं बोललेलं त्यांना कुठे खपतं? तिला गप्प करायला त्यांचा हात आपोआप गळ्यात गेला आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

झालं. रोहण्याच्या सगळ्या बायका एकदम उठल्या. कोणी विचार केला नाही, कोणी पडद्याकडे पाहिलं नाही. पिशव्या उचलल्या आणि दाराकडे पळत सुटल्या. माझी बायकोही, जिला रोहणा सोडून उभा जन्म झाला आणि जिला परत देवळीला यायचं होतं, तीही पळाली. "अवं थांबा! गाडी थांबवली आहे! शेवट राह्यला!" करत साडभाऊ त्यांच्यामागे धावले. मी अर्धा उठलो आणि ताईंकडे पाहिलं. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. "तुमी बसा भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी एक डाव गेलती. आता माह्यं घर इथंच आहे."

रिकाम्या टॉकीजमध्ये आम्ही शेवट पाहिला. नाव थांबत नाही. नावाडी मागे वळूनही पाहत नाही, आणि ती घाटावर उभी राहते. पडदा पांढरा झाला तरी ताई बसून होत्या. मग पदरानं चष्मा पुसून म्हणाल्या, "चाला."

स्टँडवर रोहण्याची गाडी उभी होती. बायका खिडक्यांत बसल्या होत्या आणि साडभाऊ दाराच्या पायरीवर उभे राहून विनवत होते. उतरायला कोणी तयार नव्हतं, जागा गेली असती. माझी बायको तर खिडकीची जागा धरून बसली होती. ताईंना पाहताच आतून कल्ला झाला, "काय झालं वं बाई? सांग न!"

ताईंनी साडभाऊंकडे पाहिलं. धावून त्यांना धाप लागली होती, सदरा घामानं ओला झाला होता, आणि त्यांच्यामागे दहा मिनिटांहून जास्त वेळ थांबवून ठेवलेली गाडी उभी होती.

"थांबली," ताई म्हणाल्या. "थांबवली त्यानं नाव."

गाडीत एकच जल्लोष झाला. "पाह्यलं? म्या म्हणलंच होतं!" मी साडभाऊंकडे पाहिलं. तेरवीच्या पंगतीत ज्यांना राहवलं नाही त्यांना आता कसं राहवणार? त्यांचे ओठ हललेही. पण त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि इतकी हळू वाजवली, की ड्रायव्हरला दुसऱ्यांदा मागावी लागली.

आता तिथे मंगल कार्यालयाचं काम जोरात चालू आहे. पाट्या साडभाऊंच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. सिनेमाबद्दल चुकीचं बोललेलं ते अजूनही खपवून घेत नाहीत. परवाच माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला त्यांनी औषध घेऊ देण्याआधी तीन सिनेमांचे शेवट दुरुस्त करून दिले. मग त्यानं नावेच्या सिनेमाचा विषय काढला. "काका, त्याच्यात शेवटी काय होते हो?" मी मोजत होतो त्या गोळ्या तशाच हातात राहिल्या.

"ते घरी विचारा लागते," साडभाऊ म्हणाले. "त्याचा शेवट आमच्या घरात तिलेच माहीत आहे."