मूठभर ळ

माझं पहिलं पुस्तक विलेपार्ल्यातल्या एका गॅरेजात छापलं गेलं, आणि ते रखडलं याचं कारण एकच. छापखान्यात ळ कमी होते.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी पार्ल्यातच शाळेत शिकवत होते. वडील गेलेले, घरात आई आणि मी, दोघीच. आईचं माहेर मनोरी. स्वयंपाक करता करता तिने सांगितलेलं गाव मी लिहून काढलं होतं: होड्या, दोरीवर वाळणारे बोंबील, मार्व्याहून तरीने पलीकडे जाणं. ते बाड घेऊन गिरगावातल्या मोठ्या प्रकाशकांच्या पायऱ्या झिजवल्या. मधे कुणी शब्द टाकणारं नाही, ओळख ना देख. एकाने तर बाड न उघडताच विचारलं, "प्रस्तावना कुणाची?" माझा राग कायम नाकावर. म्हटलं, "माझ्या आईची घेऊ का?" आणि तरातरा निघून आले.

आईला यातलं काहीच पसंत नव्हतं. "माझं माहेर चारचौघांत कशाला मांडतेस गं?" म्हणायची. आणि मला तर दुसरं काही नकोच होतं. तिने हे पुस्तक वाचावं आणि बरं म्हणावं, बस्स.

शेवटी आमच्याच गल्लीतला छापखानेवाला तयार झाला. एरवी लग्नपत्रिका छापायचा. दोन दिवसांत बाड वाचून म्हणाला, "बाई, झकास आहे. मीच काढतो."

पण त्याचे खिळे, म्हणजे छापायची शिशाची अक्षरं, एका बंद पडलेल्या हिंदी छापखान्यातून आणलेली. हिंदीला ळ लागतो कशाला! याच्याकडे मूठभर. आणि माझं पुस्तक समुद्रकाठचं: मासळी, जाळी, कोळंबी, नारळ. आठ पानं जुळवली की हाक यायची, "वाट लागली, बाई, ळ संपले!" मग पुढच्या पानांत तो ळच्या जागी ल बसवून ठेवायचा. आधीची पानं छापून झाली की तिथले ळ सोडवून इकडे आणायचा. कुठे कुठे बदलायचं, ते प्रुफांवर मी खुणा करून द्यायचे.

शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. दुपार कलंडलेली असायची. बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास शाईच्या वासात मिसळायचा, पायाने चालवायचं मशीन एका लयीत खटखटायचं, आणि वाचता वाचता मला वाटायचं, गॅरेजच्या उंबऱ्याशी भरतीचं पाणी आलंय. मासली, जाली, नारल. बोबड्या पोराने सांगावं तसं ते गाव. मी एकेक ल खोडायचे आणि मनाने माडांत फिरून यायचे. तिथे आई दिसायची. दर मे महिन्यात मनोरीला गेलो की ती एकदा तरी एकटीच माडांत जायची. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणे, "वारा खायला." मी तेही पुस्तकात घातलं होतं.

पुस्तक हाती आलं तसं मी ते आईच्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला गेले. गेले कसली, कान सगळे बाहेर! ती बोट ठेवून वाचायची, ओठ हलवत. आधी पानं चाळल्याचा आवाज आला. मग हाक आली.

"तुला कुणी सांगितलं गं?"

तिचं बोट बावन्नाव्या पानावर होतं. मी लिहिलं होतं, 'लग्न होऊन ती पार्ल्याला आली, पण तिचं मूळ मनोरीतच राहिलं.' छापलं होतं, 'तिचं मूल मनोरीतच राहिलं.'

मेला छापखानेवाला! अगदी ओठांवर आलं. खरं तर चूक माझीच. जाली, नारल डोळ्यांना टोचतात. मूल हा चांगला धडधाकट शब्द, नजर त्यावरून घसरली होती.

"मुलगा होता," आई म्हणाली. "तुझ्या आधीचा. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेले होते. नऊ दिवस राहिला. तिथेच माडाखाली पुरला. घरात म्हणाले, आता त्याचा विषय नको. नाही काढला." ती त्या ओळीवरून बोट फिरवत होती. "बरं झालं लिहिलंस. कुठेतरी आला तो."

आत चहा उतू गेला. मी तिच्यापाशी बसून खूप रडले. चूक झालीय, एवढं मात्र म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले, तर तो शुद्धिपत्राचा कागद घेऊनच उभा. "एक मूल राहून गेलंय, बाई. पान बावन्न. यात घालतो."

"घालू नका."

"अहो, चूक आहे ती!"

"नाही म्हटलं ना!" मी इतक्या जोरात ओरडले की आतलं मशीन थांबलं.

शुद्धिपत्रात बाकीच्या एकोणीस चुका छापल्या. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं होती. मला काहीच ठाऊक नव्हतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.