खंडेनवमीला जळालेली फिल्म

ताईची फिल्म नखाएवढी होती. काचेच्या तुकड्यावर लालसर प्लास्टिकचा थर, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्या प्लास्टिकमध्ये एक खास रंगद्रव्य मिसळलेलं. त्यावर लेसरचा झोत टाकला की त्यातून टेराहर्ट्झ लहरी निघायला हव्यात, असं ती सांगायची. मायक्रोवेव्ह आणि उष्णतेच्या किरणांच्या मधल्या या लहरी पुठ्ठ्यातून, कापडातून आरपार जातात आणि पाण्यापाशी अडतात. लहरी निघतात का हे मोजायचं यंत्र तिच्या संगमनेरच्या कॉलेजात नव्हतं. ते पुण्यात. तिथं मोठ्या मिनतवारीनं तिला एक दिवस मिळाला होता, दसऱ्यानंतरचा. ती मोजणी झाली तर पीएच.डी. मार्गी लागणार, नाहीतर विषय बदलायचा, असं विभागप्रमुखांनी आधीच सुनावलं होतं. रंगद्रव्यही पुण्याच्या ओळखीतून आलेलं, शेवटची चिमूट वापरून झालेली. म्हणजे फिल्म एकच.

शेवटचं काम राहिलं होतं. फिल्म मऊ होईपर्यंत तापवायची, वर हळूहळू मोठं व्होल्टेज चढवायचं, म्हणजे आतले रेणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात. मग व्होल्टेज तसंच ठेवून सावकाश थंड करायचं.

"मोर्चासारखं," मी म्हणाले. मोर्चे, पत्रकं हा माझा उद्योग.

"तुझा मोर्चा चहाला पांगतो. माझा नाही पांगून चालणार."

तिनं खंडेनवमीचा दिवस निवडला, कारण प्रॅक्टिकल बंद, गडबड नाही. मी शेवगावहून घरचा डबा घेऊन आले होते. सगळं सुरळीत तापत होतं आणि विभागप्रमुख दारात आले. झब्बा, कपाळावर टिळा.

"मॅडम, पूजेला सगळे येतायत. बाहेर रांगोळी तेवढी काढा. तुमच्याशिवाय कोण काढणार?"

विभागात संशोधन करणारे चार पुरुषही होते. त्यांच्या बोटांना रांगोळीचं वावडं असावं.

"सर, माझं चालू आहे. झाकण उघडू नका, बटणाला हात लावू नका."

"अहो, आम्ही काय लहान आहोत?"

ती बाहेर पायरीवर बसली. मी रंगांच्या वाट्या पुढं करत होते. आतून घंटी ऐकू आली, मग आरती.

आत काय झालं ते शिपाईमामांनी नंतर सांगितलं. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यार चालू ठेवत नाहीत. नांगर असो, शिलाई मशीन असो, धुऊन-पुसून, बंद करून हळदकुंकू वाहायचं. सरांनी ताईचं मशीन बंद केलं, मामांना झाकण उघडायला लावून आत कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग फोटो काढायचा म्हणून फूल उचललं, झाकण लावलं आणि लाल दिवा लागावा म्हणून बटण पुन्हा दाबलं. गरम फिल्मवर, कुंकवाच्या कणांवर सगळं व्होल्टेज एका दमात आलं.

चट् असा आवाज आम्हाला बाहेरही आला. ताई रांगोळीच्याच हातांनी आत धावली. फिल्मच्या मधोमध मोहरीएवढं काळं भोक पडलं होतं.

"सर म्हनले म्हून मी झाकन उघडलं," मामा म्हणाले. "मला वाटलं, त्यांना ठावं हाय."

सर प्रसादाचं ताट धरून उभे होते. "देवाचं काम करताना झालंय, यात दोष कुणाचा नाही. परत बनवा की. आणि मॅडम, फोटोत या ना."

ती फोटोत गेली. हात मागे लपवून.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. प्रयोगशाळेत पूजा करायला सुट्टी देतात, प्रयोग करायला देत नाहीत, असं पहिलंच वाक्य. ताईनं उभ्याउभ्याच वाचलं.

"चांगलं लिहितेस. माझ्या प्रबंधावर सही तू करणार का?"

"भितेस."

"व्हय, भिते. तुला एक दिवस घोषणा द्यायची असते. मला रोज त्याच दारातून आत जायचंय."

मला तिचा राग आला. अजून येतो. पण जास्त राग येतो त्या दाराचा, जिथं भौतिकशास्त्राचा माणूस वीस वर्षं शिकवतो आणि गरम फिल्मला व्होल्टेजचा धक्का बसला तर काय होईल हे त्याला विचारावंसं वाटत नाही. विचारलं असतं तर एका बाईला विचारावं लागलं असतं, आणि ती रांगोळीपाशी होती.

दसरा झाल्यावर तिनं पुण्याला फोन लावला. मी शेजारी बसले होते, स्पीकर चालू. आता तरी खरं बोलेल असं मला वाटत होतं.

"सर, मला येता येणार नाही. सॅम्पल खराब झालं."

"अरेरे. कशानं?"

तिनं माझ्याकडं पाठ केली.

"लाईट गेली होती."

त्या दिवशी संगमनेरात लाईट एक मिनिटही गेली नव्हती.

"हो, तुमच्याकडं असतंच ते," पलीकडून आवाज आला. त्या माणसाला जराही शंका आली नाही. "मग तुमचा दिवस दुसऱ्यांना देतो, चालेल ना?"

"चालेल," ताई म्हणाली.