माझ्याविना मोडलेली काडी

सासऱ्यांनी कडब्याची एक काडी नवऱ्याच्या हातात दिली. देवळासमोर सतरंजी अंथरली होती, गावची जाणती माणसं बसली होती. मी बाजूला उभी. मला कुणी बस म्हणालं नाही. सासू सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "भूकंपात ढिगाऱ्यातून उचलून आणलेली पोरगी. आमच्या घराला कधी शोभली न्हाई."

नवऱ्यानं काडी मोडली. तुकडे माझ्या पायाशी टाकले. झाली काडीमोड. लग्नात निदान गळ्यात हार घालायला तरी मी लागले होते. मोडताना माझी गरजच पडली नाही.

भूकंपात माझे आईबाप गेले. थोरल्या भावानं पत्र्याच्या शेडमधूनच मला उजवलं. नवरा लातुरात शिकवण्या घ्यायचा. पोरं आमच्याच खोलीत बसायची, मी आत त्यांच्यासाठी भाकरी थापायची. मग लातूरचं नाव झालं, गल्लोगल्ली क्लास निघाले, नवऱ्याची इमारत उभी राहिली. आता भाकरी थापणारी बायको कुठं बसवायची? पोरांचे आईबाप आले की म्हणायचा, आत जा. मी जायची. राग यायचा नाही, लाज वाटायची. स्वतःचीच.

काडीमोडीनंतर मी औशाकडं भावाच्या घरी आले. लेक सासरच्यांनी ठेवून घेतली. नववीत होती, तिला म्हणे डॉक्टर करायचं होतं. लग्न संपलं, लेकही गेली, असंच मी धरून चालले. गावाचाही तसाच समज होता.

मग एक दिवस नवरा दारात. दुसरं लग्न जमत होतं. मुलगी नांदेडची, शिकलेली, आणि तिच्या बापाला काडी चालेना, कोर्टाचा हुकूम पाहिजे होता. नवरा म्हणाला, दोघांच्या संमतीनं अर्ज करू, लेक माझ्याकडं राहील एवढं मान्य कर. भाऊ म्हणाला, मोठ्यांशी वाकडं घेऊन कुठं जातीस? मी सही केली.

अर्ज कोर्टात गेला. संमती पक्की करायला सहा महिन्यांनी पुन्हा कोर्टात यायचं होतं. मधल्या काळात लेक भेटेना. फोन केला की अभ्यास चालू आहे म्हणायचे. शेवटी क्लासच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. रखवालदार म्हणाला, "मावशी, धुण्याभांड्यावाल्यांनी मागून जायचं." लेक तिथंच होती. तिनं ऐकलं. मान खाली घालून आत गेली.

माझीच लाज तिच्या अंगात शिरली होती. बसस्टँडवर बसून मी पोटभर रडले. मग उठले आणि कोर्टात फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडं गेले.

विचारलं, काडी मोडली की लग्न मोडतं का? त्या म्हणाल्या, तुमच्या समाजात तशी रूढी पूर्वापार आहे हे त्याला कोर्टात सिद्ध करावं लागेल, नुसती काडी पुरत नाही. लेक बापाचीच का? तसं काही नाही, तुम्हीही मागू शकता, कोर्ट पोरीचं भलं बघेल, तिचंही म्हणणं ऐकेल. आणि मी केलेली सही?

"शेवटच्या तारखेला न्यायाधीश तुम्हाला विचारतील. तुम्ही नाही म्हणालात, तर हा अर्ज तिथंच संपला."

मला विचारतील? मी पुन्हा खात्री करून घेतली. हो म्हणाल्या, तुम्हालाच.

तारखेला नवरा हळूच म्हणाला, "नुसतं व्हय म्हण, लगेच सोडतेत." न्यायाधीशांनी विचारलं, संमती आहे का? जन्मात मला कुणी असं विचारलं नव्हतं.

"न्हाई साहेब. लेक सोडून मी काडीमोड देत न्हाई."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "आता वर्षं जातील. पोरगी तुझं तोंड बघायची न्हाई." तसं होईलही. त्या संध्याकाळी तिनं माझा फोन घेतला नाही. भाऊ हिला जेवायला वाढलंस का म्हणून बायकोला विचारत होता, माझ्याशी बोलला नाही. त्या घरात माझे दिवस भरत आलेत, हे मला कळलं.

मला तो नवरा नको. पण मला सोडणारा तो कोण? आता घटस्फोट मी मागणार, माझ्या नावानं, आणि लेकही मागणार. तिला माझ्याकडं यायचं नसेल, तर ते मी तिच्याच तोंडून ऐकीन. दुसऱ्या कुणाच्या नाही.