वाळवंटात उभं जहाज

माझ्या लेकीचं जहाज वाळवंटात शिरलं तेव्हा मी राजुरीत, गोठ्यात धार काढत होते. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मी मोबाइलवर या डोळ्यांनी पाहिलं.

लेक मालवाहू जहाजावर ऑफिसर आहे. जाताना तिनं माझ्या फोनात जगभरची जहाजं दाखवणारं ॲप टाकून दिलं. तेव्हापासून अर्धा समुद्र मीच चालवते. तिच्या जहाजाचा ठिपका थांबला की माझा घास थांबतो. त्या सकाळी ठिपका आखाताच्या पाण्यातून उठला, आमच्या इथल्या ओझर ते मंचर अंतराएवढा वाळूत आत गेला आणि मळणीच्या बैलासारखा गोल फिरायला लागला. मेसेज टाकला. एकच टिक.

माझ्या किंकाळीनं पार अवसरी गावापर्यंतची कुत्री भुंकली असतील. धाकटे दीर काठी घेऊन धावत आले.

"काय झालं वैनी? बिबट्या?"

"बिबट्या परवडला व्हता, भावजी! पोरीचं जहाज वाळूत गेलंय!"

त्यांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. "लई आत गेलंय. जेसीबी लागंल." मग हळूच म्हणाले, "कुणी पळवून तर न्हाई ना नेलं?"

झालं! मी फोनावर फोन लावत सुटले. आमच्या जुन्नरचा माल पूर्वी नाणेघाट उतरून बंदरात जायचा, तिथून गलबतांत. त्या खलाशांच्या आयांना खबर वर्षाकाठी मिळायची; त्या वर्षातून एकदा मरत असतील, मी मिनिटाला मरत होते. त्यांच्या हाती हा फोन असता, तर एकीनंही पोराला घाट उतरू दिला नसता. जगाचे नकाशे आजही कोरे राहिले असते.

तासाभरानं फोन वाजला.

"आई, किती मिस्ड कॉल गं!"

"तू वाळूत हायेस का पाण्यात?"

"पाण्यातच! इथं कुणीतरी उपग्रहाचे सिग्नल बिघडवतंय. आमच्या स्क्रीनवरसुद्धा आम्ही वाळवंटातच आहोत."

"मग जहाज चालतंय कशावर?"

"जुन्या पद्धतीनं. होकायंत्रावरून दीपगृहाची दिशा घ्यायची, मग डोंगराच्या टोकाची. नकाशावर दोन रेघा मारायच्या. जिथं मिळतील, तिथं आम्ही."

"रेघा कोण मारतंय?"

"आता माझी पाळी. पुढचे चार तास मीच. एका बाजूला खडक आहेत, ठेवते."

आमचं अख्खं शिवार पोटात घेईल एवढं ते जहाज, आणि ते माझ्या पोरीच्या पेन्सिलीवर! फोन ठेवला आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले, पाठ ताठ करून.

"काय म्हणली पोरगी, वैनी?" दिरांनी विचारलं.

"हळू बोला," मी म्हटलं. "तिचं लक्ष जाईल."