सिंबल अजून वर घे

आमच्या शेवटच्या अल्बमचं रेकॉर्डिंग द्राक्षांच्या एका रिकाम्या कोल्ड स्टोरेजमध्ये झालं. ते आमच्या गायकाच्या मामांचं. हंगाम संपला की ते बंदच असतं, आणि त्याच्या जाड भिंती गारवा आत धरून ठेवतात तसा बाहेरचा आवाजही आत येऊ देत नाहीत. शेजारून हायवेचे ट्रक जातात, पण दार लावलं की काही कळत नाही. पहिल्या दिवशी सामान मांडून झाल्यावर गिटारवाल्याने दार ओढून घेतलं आणि बोट वर करून म्हणाला, "ऐका. काहीच ऐकू येत नाहीये."

गायकाने मान डोलावली. मला मात्र ऐकू येत होतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो बारीक सूं आवाज येतो तसा, दोन्ही कानांत, न थांबणारा. मला वाटलं, कुठलं तरी मशीन चालू राहिलंय. भिंतीवरचं बटण पाहिलं तर बंद होतं. दार उघडून बाहेर गेले, ट्रकच्या आवाजात तो विरला. परत आत आले तर तो होताच. कुणाला काही न बोलता मी ड्रमवर जाऊन बसले.

आम्ही तिघंच. रेकॉर्डिंगपासून मिक्सिंगपर्यंत सगळं करणारा गिटारवाला, गाता गाता बेस वाजवणारा गायक आणि ड्रमवर मी. अकरा वर्षं कॉलेजची गॅदरिंग, लॉन्स, गणपती मंडळं, जिथे बोलावतील तिथे आम्ही मराठी रॉक वाजवलं. आमच्या घरची फुलशेती. मुलगी एक दिवस ढोलपथक सोडेल अशी घरच्यांना आशा होती. ते सोडून मी थेट यात पडले. गिटारवाल्याला जर्मनीत नोकरी लागली तेव्हा कुणी कुणाला अडवलं नाही. एक शेवटचा अल्बम, मग नाशिक जिल्ह्यातच पाच कार्यक्रम, आणि संपलं, असं ठरलं.

मिक्सिंग इंदिरानगरला गिटारवाल्याच्या फ्लॅटवर चाललं. पहिलंच गाणं ऐकून मी म्हणाले, "माझे सिंबल कुठेत? वर घे." त्याने घेतले. "अजून." पुन्हा घेतले. मला खरोखरच ते ऐकू येत नव्हते. त्या पितळी तबकड्यांवर काठी टेकल्याचा नुसता टक् असा आवाज, आणि त्यामागचा झणकार गायब. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा गायकाने विचारलं, "माझा आवाज झाकला जातोय का गं?" मी फाडकन म्हणाले, "स्वतःच्या आवाजाच्या इतकं प्रेमात पडू नये माणसाने." तो हसला. शेवटचं आहे, होऊ दे हिच्या मनासारखं, असं दोघांनी आपसात ठरवलं असणार. माझ्या तोंडाला लागायची हौस तशीही कुणाला नसते.

अल्बम नेटवर आला आणि दौरा सुरू झाला. सटाण्याला पहिला कार्यक्रम, सिन्नरला दुसरा. ऐकणारे फारसं काही बोलत नव्हते, ते मला विचित्र वाटत होतं. तेवढ्यात गायकाचं काहीतरी बिनसलं. तोंडात सतत ज्येष्ठमध, गळ्याला मफलर, चहाऐवजी गरम पाणी. सिन्नरला त्याने दोन गाण्यांची पट्टी खाली उतरवली. मी चिडवलं, "काय रे, पार आजीबाई झालास की." तो नेहमीसारखा उलटून बोलला नाही.

तिसरा कार्यक्रम देवळ्याला, एका लॉन्सवर. तिथला साउंडवाला लग्नांमध्ये आयुष्य घालवलेला, कानाचा पक्का माणूस. सामान लावता लावता मला म्हणाला, "ताई, तुमचा अल्बम ऐकला. गाणं लय भारी शे. पन ती झांज लय कानात घुसती. पत्र्यावर खडे टाकल्यागत वाटतं. गानारा पार मागं राहतो." मी म्हणाले, आमची स्टाइल आहे ती. तो म्हणाला, "मंग ठीक हे." पण त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. सिंबल कमी नव्हतेच. कमी मी ऐकत होते.

दोन दिवसांनी, घरी खोटं सांगून, नाशकात कानाची तपासणी केली. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी पटापट दाबत होते. मग आवाज येणं थांबलं. अंगठा बटणावर ठेवून मी वाट बघत बसले. सहज काचेतून पलीकडे नजर गेली तर तपासणाऱ्या बाईंचा हात चालूच होता, एकेक खटका सरकत होता. त्या आवाज सोडत होत्या आणि माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. न ऐकताच एकदोनदा बटण दाबून पाहिलं. बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा हात मांडीखाली घेतला.

"वरच्या पट्टीतलं बरंच गेलंय," त्या म्हणाल्या. "गेलेलं येत नाही. उरलेलं सांभाळा. ड्रम आजपासून बंद."

चांदवड आणि नाशिक, दोनच कार्यक्रम उरले होते. सांगितलं असतं तर गिटारवाल्याने मला त्या स्टुलावर बसूच दिलं नसतं. कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही हेल्मेट घालणारा माणूस तो. म्हणून ठरवलं, दोन कार्यक्रम होऊ देत, मग सांगू. मिक्स काय, पुन्हाही करता येईल. कानाची भीती होतीच, पण अकरा वर्षांचा शेवट आपल्याशिवाय होईल याची भीती जास्त होती.

चांदवड गायकाचं गाव. त्याचे वडील कांद्याचे व्यापारी, आमच्या एकाही कार्यक्रमाला कधी आले नव्हते. त्या संध्याकाळी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून पहिल्या रांगेत बसले. आमच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात एक ओळ उंच चढते. गायक तिच्यासाठीच ओळखला जातो. ती आली आणि त्याने माइक लोकांकडे फिरवला. लोकांनी आनंदाने म्हटली. मी मागून त्याची पाठ बघत होते.

वडील नंतर भेटायला आले. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे, लय गायला. आता बास कर."

परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत बोलला. "बँड बंद होतोय ते बरंच आहे. माझा गळा गेला. अल्बममध्ये माझा आवाज मागे पडलेला ऐकला तेव्हाच कळलं मला. तुम्ही दोघं कधी बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा." गिटारवाला म्हणाला, "असं काही नाहीये रे." गळा नाही, माझे कान गेलेत, हे त्याला सांगायचं मी तेव्हाही टाळलं. वीस-पंचवीस मिनिटांत पिंपळगाव आलं, मग नाशिक, आणि मी उतरले.

शेवटच्या कार्यक्रमाच्या दुपारी चार वाजता, हॉलमध्ये, साउंड चेकच्या आधी मी सांगितलं. ड्रमवर बसूनच सांगितलं. कोल्ड स्टोरेजमधला तो सूं आवाज, सिंबल, देवळा, काचेची खोली. गिटारवाला मट्कन स्पीकरवर बसला. "मूर्ख आहेस," एवढंच म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.

गायक उभाच होता. त्याने विचारलं, "चांदवडला माहीत होतं तुला?"

"हो."

"बाबा समोर बसले होते तेव्हा?"

"हो."

तो माइकपाशी गेला आणि ती उंच ओळ म्हणायला लागला, एकट्याने, साथीशिवाय. अर्ध्यात आवाज फाटला. पुन्हा सुरू केली. पुन्हा तिथेच फाटला. महिनाभर तो त्या जागेला भीत आला होता, आणि ती भीती मी चार वाक्यांत काढून घेऊ शकत नव्हते. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला नाही. गिटारवाल्याला म्हणाला, "खालच्या पट्टीतच वाजव."

मी स्टिक्स पिशवीत भरल्या आणि खाली उतरले. मला कुणी थांबवलं नाही. संध्याकाळचा कार्यक्रम त्या दोघांनीच केला, ड्रमशिवाय. मी कानात कापूस घालून शेवटच्या रांगेत बसले होते. सगळी गाणी त्याने खालच्या पट्टीत म्हटली, जपून, एकेक शब्द चाचपत. त्यातलं मला सगळं ऐकू आलं.