इतवाऱ्यातली जर्मन मशीनगन

सकाळचे नऊ वाजले होते. बुऱ्हाणपुरात, इतवारा पेठेतल्या बागेपुढच्या चौथऱ्यावरून पोलीस एक जुनी जर्मन मशीनगन खाली उतरवत होते आणि तिचा रखवालदार सोनाजी याला जीपमध्ये बसवत होते. निजामाचं राज्य नुकतंच देशात सामील झालं होतं, जिकडेतिकडे सरकार हत्यारं जमा करून घेत होतं. मी तेव्हा गावातला बातमीदार. छापलेलं दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं; जे छापता येत नाही त्याचे किस्से होतात. या एका बंदुकीनं मला आयुष्यभर पुरतील इतके दिले.

*

बंदूक पहिल्या महायुद्धातली, बर्लिनजवळच्या स्पांडाऊच्या कारखान्यात घडलेली. पट्ट्यानं गोळ्या खायची. नळी तापू नये म्हणून नळीभोवती पाण्याचं पिंप. फ्रान्समध्ये असल्या बंदुकांनी पलटणीच्या पलटणी झोपवल्या. इंग्रज जिंकले आणि पकडलेल्या बंदुका त्यांनी फौजेला रंगरूट देणाऱ्या गावांना बक्षीस म्हणून वाटल्या. माणसं नेली आणि लोखंड दिलं. आमच्या बाजारात असा सौदा कुणी केला असता तर लोकांनी दुकानाला कुलूप लावलं असतं!

*

गावानं मात्र तिला दसऱ्याच्या शस्त्रपूजेत बसवलं. तापीपलीकडच्या जैनाबादहून तुकाराम हवालदार यायचे, फ्रान्समध्ये लढून आलेले. ते लांब उभे राहत. एकदा इतवाऱ्यातले एक शेटजी म्हणाले, "हवालदार, तुम्हीपण फूल वाहा की."

"मी तिकडेच वाहून आलो, शेटजी," हवालदार म्हणाले. "सख्खा भाऊ."

त्यानंतर त्यांना कुणी आग्रह केला नाही.

*

हवालदारांनीच सोनाजीला कधीतरी सांगितलं होतं, "पिंपात पाणी नसलं तर नळी जळते, भो." सोनाजीनं ते मनावर घेतलं. दर दसऱ्याला तो तापीचं पाणी आणून पिंप भरायचा, सांध्यांत तेल सोडायचा.

मी विचारलं, "सोनाजीभाऊ, ही चालत नाही. पाणी कशाला?"

"महादेवापुढचा नंदी चालतो का? त्याच्यावर घालताच ना?"

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलो होतो. तरी त्याची घागर मीच उचलून दिली.

*

हत्यारं जमा करायला पोलीस साहेब जिल्ह्याहून आले ते नेमके दसऱ्यानंतर. पिंपात ताजं पाणी, सांध्यांत तेल, गळ्यात झेंडूची माळ. साहेबांनी पाण्यात बोट बुडवलं आणि सोनाजीकडे पाहिलं.

"ये तो तैयार खड़ी है. किसके लिए?"

"दसऱ्यासाठी, साहेब."

मग साहेबांनी मागचं झाकण उघडलं. गोळी आत ढकलतो तो बोल्ट जागेवर नव्हता.

"बोल्ट किसको बेचा?"

बोल्ट म्हणजे काय हेच सोनाजीला ठाऊक नव्हतं. तो नुसता बघत राहिला आणि साहेबांनी तेवढ्याला कबुली मानली. आरोप असा की त्यानं निजामाच्या माणसांना हत्यार पुरवलं. कित्येक वर्षं आत जायची वेळ आली.

*

मी छापलं : 'नंदीला पाणी घालणारा कोठडीत.' साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"आप पुलिस पर हँसते हैं?"

"नाही साहेब. मी फक्त लिहितो. हसायचं काम वाचणारे करतात."

खुर्ची मिळाली नाही. उभ्यानंच बोलून निघालो.

*

कोठडीत सोनाजीची बायको गीताबाई रोज भाकरी आणायची. पहाऱ्यावरच्या शिपायालाही वाढायची. चेहरा उतरलेला, पण तोंड चालूच. "इथं बरं वेळेवर जेवता," ती नवऱ्याला म्हणाली. "घरी हाका मारून माझा घसा बसायचा."

"मग तूपण ये इथंच राहायला," सोनाजी म्हणाला. शिपाई हसला. गीताबाईनं डोळे पुसले आणि शिपायाला आणखी एक भाकरी वाढली.

*

शेवटी तुकाराम हवालदार कोट घालून, पदकं लावून साहेबांपुढे गेले. म्हणाले, "साहेब, बोल्ट काढूनच बंदूक दिली होती. इंग्रजांनी चालती बंदूक आमच्या हातात दिली असती, तर इतकी वर्षं राहिले असते का?"

साहेबांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं, की ही बंदूक आली तेव्हापासूनच बोल्टविना आणि निकामी आहे. सोनाजी सुटला. संध्याकाळी गीताबाईनं शिपायालाही घरी जेवायला बोलावलं.

*

बंदूक मात्र सरकारी शस्त्रागारात जमा व्हायचीच होती. बुऱ्हाणपूर स्टेशनावर गर्दी होईल म्हणून साहेबांनी ती बैलगाडीनं जवळच्या चांदनी स्टेशनावर नेली. अर्धं गाव मागोमाग चांदनीला. सोनाजीनं माळ काढून घेतली, पिंपातलं पाणी सोडलं. मी मागचं झाकण उघडून आत हात घातला. बोल्टची जागा रिकामीच होती. साहेबांनीही पाहिलं. माझ्यासमोर मालडब्याला सील लागलं.

चार-पाच दिवसांनी मी पुन्हा साहेबांकडे गेलो. या वेळी खुर्ची मिळाली, चहाही आला. तेवढ्यात फोन वाजला, शस्त्रागाराचा. साहेब ऐकत राहिले, मग रिसीव्हर हळूच ठेवला.

"मिली?" मी विचारलं.

"मिली."

"सील?"

"साबुत था." मग चहाचा कप माझ्याकडे सरकवत साहेब म्हणाले, "आप ये नहीं छापेंगे. बंदूक में बोल्ट है. उन्होंने चलाकर भी देख ली."